पाझरकानाचं मानधन

बैठक सुरू होण्याआधीच भिंतीवरच्या पडद्यावर पाझरकानाचा आकडा झळकला आणि सगळे सदस्य खुशीत आले. वाघदऱ्याच्या खडकात खोल सोडलेलं हे यंत्र जमिनीखालचं पाणी हलताना ऐके आणि पातळी किती चढली ते सांगे. पातळी जेवढी वर, तेवढं जलसंधारण मंडळाच्या सदस्यांचं मानधन जास्त.

पूर्वी हे काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. बैठकीला कुणी फिरकत नसे. मानधन आलं आणि फुटके बांध दुरुस्त झाले, चोरटा उपसा थांबला. पैशाला उगीच नावं ठेवण्यात अर्थ नाही. सदस्य मंदाकिनी खरातचं तर घरच त्यावर चाले.

आजचा विषय किरकोळ होता. टकलेवस्तीच्या विहिरीवर मोटर लावायला बंदी होती, ती पुढे चालू ठेवायची. अध्यक्ष दिगंबर सस्ते मत घ्यायला लागले, तेवढ्यात मंदाकिनीनं जुना रिवाज काढला. ज्या विहिरीचा विषय, तिच्याच काठावर बैठक व्हायची. गार हवेचं कार्यालय मिळाल्यापासून सगळे ते सोयीस्करपणे विसरले होते. कुरकुरत का होईना, मंडळी निघाली.

वस्तीवर मेंढ्यांचे वाडे ओस होते, दारांना कुलपं होती. विहीर मात्र काठोकाठ भरलेली. मंदाकिनीच्या सगळं लक्षात आलं. मोटर बंद झाल्यावर एवढी मेंढरं पाजायची कशी, म्हणून माणसं उठून गेली होती, आणि माणसं गेली म्हणून पाणी चढलं होतं. पाझरकानाला फक्त पाणी ऐकू येई. गेल्या खेपेला बंदीसाठी पहिला हात तिनंच वर केला होता, याची तिला लाज वाटली.

मागे राहिलेले म्हातारे बिरू टकले एकाच उघड्या दारातून बाहेर आले. पोहऱ्यानं पाणी शेंदून त्यांनी तांब्या पाहुण्यांपुढे धरला.

"घ्या. तुमीच राखलंय न्हवं?"

त्यात टोमणा नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

"बंदी उठवू, अण्णा," ती म्हणाली. "समद्यांना माघारी बोलवा."

सस्ते हळूच म्हणाले, "पातळी उतरंल, मंदाताई. मानधन बी उतरंल. तुमचं घर कशावर चालायचं?"

"बघू. मत घ्या."

तिनं हात वर केला. बाकीचे विहिरीत बघत राहिले. मग सस्त्यांनी सुस्कारा सोडून हात वर केला आणि त्यांच्यामागून एकेक करत इतरांनीही.

बिरूअण्णांनी ते सगळे हात शांतपणे पाहिले.

"बोलवीन की पोरी. पर उद्या तुमी नसाल, दुसरं कुनी पगारी बसंल. त्यो इथवर बघाया येईल का?"