ओल्या हातमोज्यांचा माणूस

हेस्टर पाइकची गोष्ट त्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे. गरीब पाद्र्याची मुलगी उसना झगा घालून नाचाला येते काय, तालेवार जर्व्हेस अल्डम तिला बघतो काय, आणि वर्षाच्या आत ती त्याच्या हवेलीची मालकीण होते काय! सांगताना बायकांचे डोळे भरून येतात. त्या गोष्टीत एक खाष्ट बाई आहे, भिंतीशी बसून हेस्टरच्या झग्याला नाक मुरडणारी. तिचं नावसुद्धा कुणी धड घेत नाही. जर्व्हेसची आतेबहीण, एवढंच.

तिचं नाव ड्रुसिला विव्हिल. आणि ही गोष्ट तिची आहे, गोड लागली नाही तरी ऐकून घ्या.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. ड्रुसिला जरा लवकरच आली होती, शेकोटीजवळची खुर्ची धरायला. खाडीकाठच्या सराईचा वरचा दिवाणखाना, मेणबत्त्या नुकत्याच लावत होते. नाचताना पाय घसरू नये म्हणून जमिनीवर खडूनं गुलाब आणि वेली काढल्या होत्या. नाच रंगला की तासाभरात सगळी नक्षी पायाखाली पुसून जाते. ड्रुसिलाला ते बघायला आवडायचं. तिला आवडणाऱ्या गोष्टी तशा फार नव्हत्या.

आज मात्र तिचं सगळं पणाला लागलं होतं. कर्नल ब्रॅथवेट विधुर, पन्नाशीचे, एका गुडघ्यानं अधू. पण घर स्वतःचं, बग्गी स्वतःची. ते पहिला नाच तिला मागणार आहेत, असं त्यांच्या बहिणीनं तिच्या कानावर घातलं होतं. मग रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी येणार, कारण जिच्याबरोबर नाचलं तिची विचारपूस करायला गृहस्थानं जायचं असतं. दिवाणखान्यात बसणार, घसा खाकरणार आणि मागणी घालणार. एवढं जुळून आलं की सुटली. नाही आलं, तर हेस्टरच्या घरातली माळ्यावरची खोली आणि उद्या हेस्टरची पोरं. जर्व्हेसची आई अंथरुणाला खिळल्यापासून ज्या घराच्या किल्ल्या ड्रुसिलाच्या कमरेला होत्या, त्या तिनं लग्नाच्या दिवशी मुकाट्यानं हेस्टरच्या हातात ठेवल्या होत्या. “राहू द्या ना तुमच्याकडेच, ताई,” असं हेस्टर म्हणाली, ते तर आणखीच झोंबलं.

आणि हे सगळं कशामुळे? एका माणसाच्या ओल्या हातमोज्यांमुळे!

गेल्या वर्षी याच खुर्चीत ती जर्व्हेसची वाट बघत बसली होती, तो आज नाच मागेल आणि उद्या हात, या आशेनं. तेवढ्यात नाचाची व्यवस्था बघणाऱ्या फिंचनं एक माणूस आणून तिच्यापुढे उभा केला. टोबायस क्रेक, खाडीपलीकडचा मिठाचा व्यापारी. जाडसर, फिकट, आणि तळव्यांना इतका घाम की पांढरे हातमोजे भिजून चिकटलेले.

“एक नाच दिलात तर आज मी इथंच मुक्काम करीन म्हणतो,” तो अडखळत म्हणाला. “नाहीतर भरतीच्या आत खाडीतली वाळू ओलांडायला हवी.”

“मग निघाच की! खोळंबा कशाला?” ड्रुसिला म्हणाली, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. शेजारचे हसलेही. क्रेक वाकला आणि गेला.

पाठोपाठ जर्व्हेस आला. पण एकाला नाही म्हणणाऱ्या बाईनं त्या रात्री दुसऱ्या कुणाबरोबरही नाचायचं नाही, ही तिथली सक्त रीत. ती मोडणं म्हणजे पहिल्याच्या तोंडावर थुंकणं. फिंचनं लांबूनच बोट हलवलं. जर्व्हेस खांदे उडवून वळला, आणि समोर हेस्टर पाइक उभी होती. पुढची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी क्रेकचा घोडा एकटाच परत आला. खाडीनं माणूस काही परत दिला नाही. ड्रुसिलाला वाईट वाटलं का? छे! तिला संताप आला. मेल्यानं जाता जाता माझं वाटोळं केलं, असं ती वर्षभर मनात घोकत होती.

व्हायोलिनं लागली. दालनाच्या पार टोकाला कर्नलनी हातातला पेला ठेवला, कोट सारखा केला आणि तिच्याकडे यायला निघाले. ड्रुसिलानं पंखा मिटला. वयात आलेल्या पोरीसारखी ती खुर्चीच्या टोकाला सरकली.

तेवढ्यात वास आला. खाडीच्या चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा. मग आवाज… टप… टप… तिच्या पायाशी काढलेला खडूचा गुलाब विरघळत होता. तिनं नजर वर केली ती हातमोज्यांपर्यंतच. भिजलेले, चिकटलेले, बोटांच्या टोकांतून गळणारे. त्याहून वर बघायची तिची छाती झाली नाही.

“मिस विव्हिल… एक नाच…”

फिंच त्याच्या अगदी जवळून गेला, पण त्यानं वळूनही पाहिलं नाही. दोन मुली हसत हसत त्या ओल्या कोटाच्या आरपार निघून गेल्या.

“भरतीला अजून वेळ आहे…” आवाज अजिबात रागावलेला नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. हात पुढे आला.

“नाही!” ती किंचाळली. “मला नाही तुमच्याबरोबर नाचायचं! एकदा सांगितलेलं कळत नाही?”

व्हायोलिनं थांबली. तिच्यासमोर कर्नल ब्रॅथवेट वाकून उभे होते, हात पुढे केलेला. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

“कळलं, बाईसाहेब,” ते म्हणाले. “चांगलंच कळलं.”

“अहो, तुम्हाला नव्हे, कर्नलसाहेब! मी… मी त्यांना…”

“कोणाला?”

सगळं दालन बघत होतं. कोणाला म्हणून सांगायचं? जमिनीवर जरासं पाणी साचलं होतं, बस्स. कर्नल लंगडत लंगडत गेले आणि औषधवाल्याच्या विधवेला घेऊन नाचाच्या रांगेत उभे राहिले. फिंच येऊन हळूच म्हणाला, “रीत म्हणजे रीत, मिस विव्हिल. आज आता बसूनच.”

ती बसली. बायका पंख्याआड कुजबुजत होत्या. गुलाब आणि वेली पुसल्या जात होत्या आणि तिला ते बघवत नव्हतं. मध्येच हेस्टर गरम वाइनचा पेला घेऊन शेजारी टेकली.

“मनाला लावून घेऊ नका, ताई. आपलं घर आहे ना! तुम्ही कुठ्ठेही जायचं नाही. वसंतात बाळ येईल, तुमच्यावाचून माझं कसं होणार?”

मनापासून बोलत होती हो ती! तेच तर असह्य होतं. दुष्टपणानं बोलली असती तर ड्रुसिलानं तिला चार शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. ती नुसतं “हं” म्हणाली.

शेवटचा नाच पुकारला तेव्हा तो वास पुन्हा आला. टप… टप…

“एकच… मग मी घरी जाईन…”

ड्रुसिला त्या हातमोज्यांकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाला हो म्हणायचं नाही, अशी रीत. पण हा दुसरा कुठे होता? याच्यामुळेच तर बाकी सगळी दारं बंद झाली होती. या भरल्या दालनात तिला नाचायला मोकळा असलेला हा एकच पुरुष, आणि तिला मागायला आलेलाही हा एकच. तिला हसू फुटलं, कडू, मोठ्यानं.

“चला, मिस्टर क्रेक,” ती म्हणाली. “जाऊ द्या लोकांना खड्ड्यात.”

ती एकटीच मधोमध जाऊन उभी राहिली, असं लोकांनी पाहिलं. एक हात हवेत धरून ती शेवटपर्यंत नाचली. रांगा मोडून लोक भिंतीला टेकले. हात बर्फासारखा गार होता, पण तो तिला असा सांभाळून नेत होता की आयुष्यात तिचं एकही पाऊल इतकं नेमकं पडलं नव्हतं. नाच संपल्यावर जर्व्हेसनं तिच्या अंगावर शाल टाकली आणि तिला बग्गीत बसवलं.

सकाळी ती माळ्यावरच्या खोलीत उशिरा उठली. ऊन पडलं होतं. संपलं सगळं, असं मनाशी म्हणत तिनं केस विंचरले. खुर्चीच्या पाठीवर टाकलेले तिचे हातमोजे अजून ओलेच होते, आणि खाली जमिनीवर थेंब पडत होते.

जिन्यावर धावती पावलं वाजली. हेस्टर आत आली, तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

“ताई, लवकर खाली या! एक गृहस्थ आलेत, तुमची विचारपूस करायला. काल रात्री तुमच्याबरोबर नाचलो म्हणतात. मी काल शेवटच्या नाचाआधीच घरी आले, म्हणून बघितलं नाही त्यांना, पण माणूस भला दिसतोय. नखशिखांत भिजलाय बिचारा, मी शेकोटी पेटवायला सांगितली.”

ड्रुसिलाच्या हातून फणी पडली.

“स्वतःचं घर आहे त्यांचं, खाडीपलीकडे,” हेस्टरनं तिचे गार हात हातात घेतले. “आणि ताई… ते विचारत होते, तुमची तयारी व्हायला किती वेळ लागेल. भरतीच्या आत निघायला हवं म्हणे.”