बंद घुमटातला उजेड

विश्वास ठेवा, असा आग्रह नाही. पण जे लिहितेय ते माझ्याच बाबतीत घडलंय.

सतरा जानेवारी. स्पेनमधल्या ग्रानादाजवळच्या डोंगरावरची आमची दुर्बीण. संध्याकाळचे साडेसात.

ही दुर्बीण माणसाशिवाय चालते. दूर आकाशात गॅमा किरणांचा स्फोट झाला की उपग्रह कळवतो. ती काही सेकंदांत तिकडे वळते आणि मागे उरलेला, विझत जाणारा उजेड टिपते. वळताना मध्ये कुणी सापडलं तर संपलंच. म्हणून दुरुस्तीआधी मोटरची वीज तोडायची.

मी तोडली होती. बाहेर दाट धुकं. घुमट बंद.

माझा जोडीदार एवारिस्तो जेवण आणायला गावात गेला होता. निघताना म्हणाला, "कासिल्दा, केबल बसवून ठेव. नाहीतर ऑम्लेटचा नुसता वास मिळेल!"

"आधी वेळेवर ये, म्हाताऱ्या!"

मी शिडीवर होते.

तेवढ्यात... मोटर गुणगुणली.

वीज नसताना.

कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला.

"कासिल्दा, खाली उतर. आत्ता."

एवारिस्तोच. पण आवाजात थट्टा नव्हती.

मी उडी मारली. दुर्बीण गर्रकन फिरली. शिडी भिंतीवर आपटून वाकली.

धडपडत संगणकाच्या खोलीत आले. उपग्रहाचा निरोप आलेलाच नव्हता. तरी पडद्यावर फोटो येत होते. बंद घुमटात नुसता काळोख दिसायला हवा.

पण मधोमध एक ठिपका होता...

पुढच्या फोटोत तो फिकट.

त्याच्या पुढच्यात आणखी फिकट.

मग काहीच नाही.

आठ वाजता रखवालदार फेर्मिन आला. कपडे चिखलाने माखलेले.

"एवारिस्तोची जीप दरीत गेली, कासिल्दा. माझ्या डोळ्यांदेखत. सातला दहा कमी होते. खाली उतरून बघितलं... जागीच गेला."

"काहीतरीच! अर्ध्या तासापूर्वी बोलला तो माझ्याशी!"

फेर्मिनने छातीवर क्रुसाची खूण केली.

पुढे ते फोटो मी आमच्या शास्त्रज्ञ लेओकादियाला दाखवले. कुठले, ते सांगितलं नाही. उजेड कसा विझत गेला यावरून मूळ स्फोट कधीचा, ते तिला काढता येतं.

"उशिरा पकडलास गं," ती म्हणाली. "हा सहा पन्नासचा आहे."

सहा पन्नास. सातला दहा कमी.

"पण आकाशात नेमका कुठे झाला?"

अजूनही भेटली की ती विचारते.

मी विषय बदलते.