गुडघ्याच्या तेलाचा वास

येडशीच्या फाट्यावर सिदू टायरवाल्याचं पत्र्याचं दुकान आहे. त्या दुपारी सिदूची पोरगी मोनिका ट्रकची ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होती, तेवढ्यात मोटारसायकल ढकलत एक जण आला. अंग घामानं भिजलेलं, पण केस जागच्या जागी. असल्या पोरापासून लांब राहावं एवढी अक्कल मोनिकाला होती. अक्कल सगळ्यांनाच असते, ऐन वेळेला ती कुठं जाऊन बसते कुणास ठाऊक.

"मालक न्हाईत व्हय?"

"मालक जेवाय गेलेत. मालकीण हाय. बोला."

"पंक्चर हाय."

"ते दिसतंय." तिनं मागच्या टायरात अंगठ्याचं नख रोवलं. नखाची खूण उठली नाही. "हे टायर न्हाय, दगड हाय. ह्याच्यावर शर्यत पळवता?"

"शर्यतीचं कसं कळलं गं तुला?"

"मडगार्ड काढलंय, आरसे न्हाईत, पुढं नंबर चिकटवलाय. असं सजून कुणी सोयरिकीला जात न्हाय."

तो हसला. आणि हसताना बघत राहिला... तिथंच सगळं बिघडलं.

त्याचं नाव कृष्णराज. घरी द्राक्षाची बाग, दारात दोन ट्रॅक्टर, आणि ह्याला मुरमाच्या मैदानावरच्या शर्यतीचं खूळ. बापाला ते मान्य नव्हतं, म्हणून नवी टायरं नाहीत. जुन्यावरच भागवायचं.

"वळणावर मागचं चाक सटकतंय," तो म्हणाला. "टायर मऊ व्हतं का कशानं?"

मोनिकाला उत्तर माहीत होतं. सिदूनं मेंढरं राखून राखून गुडघे घालवले होते. रोज संध्याकाळी तो दारातल्या जुन्या टायरावर बसायचा आणि मोनिका त्याचे गुडघे तेलानं चोळायची. ते झणझणीत वासाचं तेल सांडून सांडून त्या टायराची एक कड खोडरबरासारखी मऊ पडली होती. हे तिनं कधीच हेरलं होतं, पण सांगणार कुणाला?

"टायरं काढून ठिवून जावा," ती म्हणाली. "इलाज हाय."

तो गाडीसकट टायरं ठेवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी काही काम नसताना परत आला. मग येतच राहिला. ती पॉलिश पेपरनं टायराची वरची करपलेली साल घासायची. मग तेलात थोडं डिझेल घालून ब्रशानं लावायचं, वर खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा आणि पत्र्यावर उन्हात ठेवायचं. तेल एका बाजूला उतरू नये म्हणून टायर सारखं फिरवावं लागे. फिरवायला एक माणूस पुरतो. हे दोघं चढायचे.

"तुझ्या हाताला आमच्या आज्जीच्या गुडघ्याचा वास येतोय," एकदा तो म्हणाला.

"मग आज्जीपशीच बसायचं की."

"आज्जी अशी बघत न्हाय माझ्याकडं."

"म्या टायराकडं बघतेय."

"टायर तिकडं हाय, मोनिका."

तिनं लाजून त्याच्या तळहातात नख रोवलं. खूण उठली. "झाला की मऊ," ती म्हणाली. त्यानं मूठ मिटली — तिच्या बोटांसकट.

"पण असलं लावलेलं चालतं व्हय शर्यतीत?" तिनं विचारलं.

"सगळेच लावतेत गं." बोलताना तो रस्त्याकडं बघत होता. तिला ते दिसलं. पोरीला जे बघायचं नसतं, ते दिसूनही दिसत नाही.

शेवटच्या दिवशी टायरं जोडताना तो म्हणाला, "आई येणार हाय शर्यतीला. म्या जिंकलो की माईकवर तुझं नाव घेणार. सगळ्यांम्होरं. मग आईच इचारंल, कोण रं ही मोनिका... तिथनं पुढचं सोपं हाय."

"घ्याल खरंच?"

"तुझी आण."

धनगराची पोर, पंक्चरचं दुकान... त्या घरच्या उंबऱ्यापर्यंत ती स्वप्नातसुद्धा गेली नव्हती. आता मात्र रोज जाऊ लागली.

सास्तूरच्या माळावर शर्यत होती. मोनिकानं ठेवणीतला हिरवा ड्रेस घातला. लिंबानं हात घासघासून धुतले, तरी वास गेला नाही. मांडवात पुढच्या खुर्चीवर कृष्णराजची आई बसली होती, पाटल्यांचे हात मांडीवर ठेवून.

सुटायच्या आधी पंच शिवानंद सर एकेक गाडी तपासत आले. कृष्णराजच्या टायराशी वाकले आणि नाक मुरडत उठले.

"हे काय रे? टायराला संधिवात झालाय का?"

माळ हसला. सरांच्या हातातला माईक चालूच होता.

"टायराला काही लावायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना वाचून दाखवला होता. हे लावलेलं तुला माहीत असेल तर वर्षभर बंदी. दुकानदारानं परस्पर लावलं असेल तर दुसरी टायरं घाल आणि पळव. बोल." आणि त्यांनी माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

कृष्णराजनं आईकडं बघितलं. मग गर्दीतल्या हिरव्या ड्रेसकडं. मोनिका मनातल्या मनात म्हणत होती, घाबरू नका... एक वर्ष काय, बघता बघता जाईल.

"मला काय म्हायती न्हाय सर," तो म्हणाला. "येडशीला पंक्चर काढाय टाकली व्हती. तिथल्या पोरीनं लावलं आसंल. मोनिका का काय नाव हाय तिचं."

सगळ्या भोंग्यांतून तिचं नाव माळभर फिरलं. त्याच्या आईच्याही कानावर पडलं. बोलल्याप्रमाणं त्यानं नाव घेतलं होतं, एवढं खरं.

मोनिका गर्दी सारत पुढं आली आणि दोन्ही हात सरांच्या नाकाखाली धरले.

"वास घ्या सर. म्याच लावलं. नियम मला कुणी सांगितला न्हाय. ह्यांना मातूर काय म्हायती न्हाय. कशातलंच न्हाय. मला हे आवडले, म्हणून लावलं." तिनं हात खाली घेतले. "टायर नख लावून बघते म्या. माणूस बी बघाय पायजे व्हता."

कुणी हसलं नाही. "मोनिका..." कृष्णराज पुटपुटला. तोपर्यंत ती वळली होती. कुणाला काही न विचारता सरळ माळ तुडवत रस्त्याला लागली.

दुसरी टायरं घालून तो पळाला आणि पहिल्याच वळणावर घसरला.

पावसाळा सरल्यावर तो तीच टायरं घेऊन दुकानात आला. केस जागच्या जागीच होते.

"त्या दिवशी आई समोर व्हती गं... काय सुचलंच न्हाय. परत करशील मऊ? तसंच, दोघं मिळून?"

मोनिकानं टायरात नख रोवलं. तेल कधीचं उडून गेलं होतं. रबर पहिल्यापेक्षा टणक झालं होतं. तिनं जोर केला, तर नखच तुटलं.

"आबा," तिनं आत हाक मारली, "गिऱ्हाईक आलंय बघा. कृष्णराज का काय नाव हाय."

तो गेला. संध्याकाळी सिदू नेहमीसारखा दारातल्या टायरावर बसला आणि तेलाची बाटली पुढं केली. मोनिकानं बूच उघडलं. वास आला, तसं तिनं ते परत लावलं.

"आबा," ती म्हणाली, "आजच्याला तुमचं तुमी चोळा."