उगी म्हणजे काय?

दातांच्या दवाखान्याबाहेर एक तरुण बसला होता आणि आपला कुठला दात दुखतोय हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी आले तेव्हा त्याचा हात उजव्या गालावर होता. थोड्या वेळाने पाहिलं, तर डाव्या.

मला हसू आलं. पण मी तरी कुठे खरी होते? कुंभकोणमच्या त्या गल्लीत एकाच मजल्यावर दोन दारं आहेत. एक दातांच्या डॉक्टरांचं, दुसरं महालक्ष्मी मॅडमचं. मॅडम मनाच्या दुखण्यावर इलाज करतात. गोळ्या देत नाहीत, समोर बसवून बोलतं करतात. दोघांत मिळून बाहेर बाक मात्र एकच. त्यामुळे मॅडमकडे आलेला प्रत्येक जण ओळखीचं कुणी दिसलं की गाल धरून बसतो. खरं तर आमच्या गावाचे दात इतके वाईट नाहीत.

इतक्यात वीज गेली.

"च्यायला, पंखापण गेला," तो पुटपुटला.

मी चमकून पाहिलं. घराबाहेर मराठी ऐकायची माझ्या कानांना सवयच नाही.

"तुम्हीं मराठी कीं?"

त्याचा हात गालावरून खाली आला. "तुम्ही… इथे… मराठी?"

"आम्हीं एथलेच. मराठा राजांच्या काळांत आलेले. तुम्हीं कोठले?"

"सांगलीचा. बँकेत आहे, बदली झालीय इकडे." तो भान हरपून माझ्याकडे बघत होता. "कोठले! परत म्हणा ना."

"कां?"

"आमच्याकडे असं कुणी बोलत नाही आता. वाटलं, तुम्ही आत्ताच पालखीतून उतरलात."

"आणि तुम्हीं केवढ्या वेगानें बोलतां! कोणी मागें लागलें आहे काय?"

तो मोकळं हसला. हसताना त्याचे सगळे दात दिसले, एकही किडलेला नव्हता.

"दात कोठला दुखतो?" मी विचारलं.

"अं… हा. डावा."

"मघां उजवा होता."

"फिरतं दुखणं आहे. आणि तुमचा?"

"अक्कलदाढ."

"म्हणजे ती आहे तर!"

मी काही झणझणीत बोलणार, तोच मॅडमच्या मदतनीस बाईंनी दार उघडून तमिळमध्ये खणखणीत पुकारा केला, "गोदा, मॅडम बोलावतायत! श्रीहर्ष सार, तुमचा नंबर यांच्यानंतर!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो खाली मान घालून हसला, आणि मीसुद्धा.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही बरोबर निघू लागलो. कोपऱ्यावर कॉफी, मग कावेरीच्या कडेकडेने आमच्या समयांच्या दुकानापर्यंत चालत. चालतच, कारण चार चाकांच्या गाडीत मी बसत नाही. त्याने एकदाही "का" म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दुसऱ्या रस्त्याने गेले असते.

स्वतःचं मात्र त्याने पहिल्याच कॉफीला सांगून टाकलं. करोनात त्याचे वडील इस्पितळात होते, आत कुणाला सोडत नव्हते. एका पहाटे फोन वाजला… तेव्हापासून फोनची रिंग ऐकली की त्याला दरदरून घाम फुटतो. फोन कायम मुका. त्याच्या आईलासुद्धा आधी मेसेज करावा लागतो, मग तो मन घट्ट करून आपणहून फोन लावतो.

"बँकेत काम कसं करतां मग?"

"बँकेत इतरांचे फोन वाजतात ना. माझा नाही." तो पेल्यातली कॉफी वाटीत ओतू लागला आणि अर्धी टेबलावर सांडली. "तुझी मराठी ऐकली की बरं वाटतं बघ. त्या भाषेत मला वाईट बातमी कुणी दिलेली नाही."

'तुमची'चं 'तुझी' कधी झालं ते मला कळलं, पण मी टोकलं नाही. मला ते आवडलं होतं.

आणि माझं? दोन वर्षांपूर्वी तिरुप्पनंदाळला लग्नाला जाताना आमची व्हॅन ओल्या रस्त्यावरून घसरून कालव्यात गेली. शेजारी माझी चुलत बहीण श्रीदेवी होती. मी वाचले, ती नाही. एवढं साऱ्या गावाला माहीत आहे. आत, पाण्यात काय झालं ते फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं की अप्पा म्हणायचे, "उगी बैस, गोदा." काकीच्या, श्रीदेवीच्या आईच्या, कानावर जाईल म्हणून. माझं लग्न व्हायचंय म्हणून. मायेनेच म्हणायचे, मला कळतं ते. पण आमच्या घरात उगी म्हणजे गप्प. एक शब्दही नाही.

मॅडम म्हणाल्या, तमिळमध्ये सांग. मी सांगायची. रस्ता, पाऊस, घसरलेली गाडी… पाण्यापर्यंत आले की थांबायची. कारण पुढचं सगळं मराठीत झालं होतं, आणि मराठीत घसा उघडला की आत अप्पांचं ते उगी बसलेलं असायचं.

एका संध्याकाळी आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. केसांतून माझ्या मानेवर थेंब ओघळत होते, आणि तो ते बघत नसल्याचं सोंग फारच वाईट करत होता. मागच्या रस्त्यावर एका व्हॅनने करकचून ब्रेक मारला.

मी पायरी घट्ट धरली. आणि काय झालं कोण जाणे… मी बोलू लागले. मराठीत!

"श्रीदेवी माझे बाजूस होती… पाणी आंत आलें… ती माला म्हणाली…"

रडू आलं, शब्द अडला. श्रीहर्ष जवळ सरकला. त्याने माझ्या पाठीवर अलगद हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "उगी… उगी…"

मी ताडकन उठले.

"तुम्हींसुद्धां?"

एवढंच बोलले आणि चालू लागले. तो मागून हाका मारत राहिला. मी वळून पाहिलं नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो बाकावर नव्हता. त्याचे मेसेज येऊन पडले होते, मी उघडले नव्हते. आत गेल्या गेल्या मी मॅडमसमोर फणकारले, "तोही तसाच निघाला. मला गप्प बस म्हणाला."

"शब्द काय वापरला?"

मी सांगितला.

"तुमच्या घरात त्याचा अर्थ गप्प बस. सांगलीतही तोच असतो का?"

"मराठी ती मराठीच, मॅडम."

"तुम्ही दोघं बोलता तेव्हा तासभर एकमेकांच्या शब्दांना हसता, असं तूच सांगतेस," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "हा शब्द विचारलास का?"

नव्हता विचारला. दुखरा शब्द कोण विचारतं?

मी जिना उतरले आणि रस्त्यातच फोन लावला. रिंग जाऊ लागली तेव्हा आठवलं, हा माणूस फोन उचलत नाही. ठेवून द्यावा म्हणून बोट नेलं…

"हॅलो?" आवाज कापत होता. "गोदा?"

"फोन कसा उचललांत?"

"त्या दिवसापासून आवाज चालू ठेवलाय," तो धापा टाकत म्हणाला. "तू केलास आणि मला कळलंच नाही, असं नको व्हायला. घाम फुटलाय, पण चालेल. बोल."

माझा सगळा राग तिथेच, त्या गल्लीत विरघळला. तरी मी विचारलंच, "उगी म्हणजे काय?"

"म्हणजे… बाळ रडतं ना, त्याला छातीशी धरून म्हणतात. उगी, उगी. मी आहे ना, असं. आई मला म्हणायची. का गं? मी काय चुकलो?"

मी भिंतीला टेकले. "तुमचेकडे रडणाऱ्याला म्हणतात. आमचेकडे बोलणाऱ्याला म्हणतात, गप्प व्हावें म्हणून."

पलीकडे एक दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मग तू बोल. आज मी उगा राहतो."

आणि मी सांगितलं. दातांच्या दवाखान्याखाली उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांना न जुमानता सगळं सांगितलं. काच फुटली होती. एकच माणूस निघेल एवढी जागा होती. श्रीदेवीने मला कमरेला धरून वर ढकललं आणि म्हणाली, "तूं पहिलें जा, गोदे. मी येतें."

त्याने मध्ये एक अक्षर काढलं नाही. फक्त श्वास ऐकू येत होता, तोही ओला.

शेवटी मी म्हणाले, "काकीला सांगायला पाहिजे. तिला वाटतें, तिची पोर पाण्यांत घाबरून गेली."

"मी येतो बरोबर. स्कूटरला दोनच चाकं असतात."

रविवारी आम्ही इन्नंबूरला, काकीच्या गावी गेलो. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी रोपं, मध्ये अरुंद रस्ता. वळणावर मी त्याचा खांदा घट्ट धरला आणि वळण संपल्यावरही सोडला नाही. तो बाहेर बांधावर थांबला, मी एकटी आत गेले. काकी अंगणात पापड वाळत घालत होती. मी तिच्यापुढे बसले आणि एका दमात सांगितलं.

बऱ्याच वेळाने मी बाहेर आले. डोळे सुजलेले, हातात त्याच्यासाठी काकीने दिलेला ताकाचा पेला.

"काय म्हणाल्या?" त्याने घाबरत विचारलं.

"परत सांग म्हणाली."

"मग?"

"परत सांगितलें. मग आणखी एकदां. 'तूं पहिलें जा' हें कसें म्हणाली, कोणत्या आवाजांत, तेंही विचारलें." मी डोळे पुसले. "मग माझें डोकें मांडीवर घेतलें. दोघीही रडलों."

त्याने पेला घेतला, पण प्यायला नाही. उन्हात उभं राहून त्याचा चेहरा लाल झाला होता. मला तो फार, फार आवडला.

"शेवटीं तुमच्याविषयीं विचारलें," मी म्हणाले.

"माझ्याविषयी? काय?"

"बाहेर उभा आहे, तो आपला कीं, म्हणून. मराठी आहे कीं तमिळ, एवढेंच तिला पाहिजे होतें."

"मग तू काय सांगितलंस?"

"होय, आपला," मी त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले. "पण मराठी म्हणून नव्हे."