मैनेची दोन काळी पिल्लं

देवदत्त सामंतांनी खुर्चीत बसायच्या आधीच हातातली फाइल टेबलावर टाकली.

"तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. कुणी खोटारडा म्हणालं नाही. आता बोरिवलीच्या बागेत लोक मला बघून आपली कुत्री दुसरीकडे वळवतात."

जानकी ताम्हाणेने फाइल उघडली. अंधेरीतल्या या दोन खोल्यांत ती आणि तिचा मावसभाऊ नंदू आठ वर्षं खासगी तपासाची कामं करत होते. कुत्र्याचं प्रकरण मात्र पहिलंच.

फाइलीत मल्हारचं, म्हणजे सामंतांच्या पिवळ्या लॅब्रॅडॉरचं, जनुक तपासणीचं सर्टिफिकेट होतं. दीड वर्षापूर्वी सुनंदा करंदीकरांच्या पिवळ्या मैनेशी त्याची जोडी लावली होती. सात पिल्लं झाली. पाच पिवळी, दोन काळी. त्यातलं एक काळं आता दहा मिनिटं धावलं तरी कोसळत होतं. मागचे पायच गळून जायचे.

"आई आणि बाप, दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो," सामंत म्हणाले. "मल्हारमध्ये तो दोष नाही, असं हा कागद सांगतो. म्हणून सगळे म्हणतात, कागदच बनावट."

"मैना तुमच्याकडे आली होती?"

"दोन दिवस राहिली. जोडी लागली, मी स्वतः पाहिलं."

ते गेल्यावर नंदू म्हणाला, "कागद खोटा. संपली केस."

"मग तो माणूस आपल्याकडे कशाला येईल रे? मल्हारची लाळ दुसऱ्या लॅबला पाठव."

दुसऱ्या दिवशी दोघं मुलुंडला, ते आजारी काळं पिल्लू घेतलेल्या श्रुतिकाकडे गेले. तिचा काजळ तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता.

"चेंडू कपाटात लपवून ठेवलाय," ती म्हणाली. "दिसला की हा धावणार, आणि धावला की पडणार. त्या प्रोफेसरला मी सोडणार नाही."

"दुसरं काळं पिल्लू कुणाकडे आहे?"

"माहीत नाही. पिल्लं केयूरने दिली, सुनंदाकाकूंच्या मुलाने."

संध्याकाळी अंधेरीतच सुनंदाबाईंच्या घरी मैनेने शेपटी हलवून स्वागत केलं. भिंतीवर एका काळ्या कुत्र्याचा फोटो होता.

"हा भैरव," सुनंदाबाई म्हणाल्या. "मैनेचा आधीच्या खेपेचा मुलगा. आता नाशिकला माझ्या भावाकडे असतो."

"कधीपासून?"

"माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. आठवडाभर मी हॉस्पिटलात होते. त्याच आठवड्यात केयूर मैनेला बोरिवलीला नेऊन आणणार होता. मी घरी आले तर भैरव नाही. केयूर म्हणाला, पिल्लं होणार, जागा पुरायची नाही."

केयूर चहा घेऊन आला. जानकीने विचारलं, "पिवळ्या मैनेला काळी पिल्लं कशी?"

"तिची आजी काळी होती. दोन पिढ्यांनी रंग उतरतो कधीकधी."

नंदूने मान डोलावली. जानकीने नुसताच चहा संपवला.

दहा दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. जानकीने सामंत आणि श्रुतिकाला करंदीकरांच्याच घरी बोलावलं.

"मल्हार निर्दोष आहे," ती म्हणाली. "सर्टिफिकेट खरं आहे. म्हणजे काजळ मल्हारचा नाही."

"पण जोडी तर मी पाहिली!" सामंत म्हणाले.

"पाहिलीतच. पाच पिवळी पिल्लं मल्हारची असू शकतात. पण कुत्रीचा माज बरेच दिवस टिकतो. तेवढ्यात दुसरा नर आला, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात."

"दुसरा नर होता कशावरून?" नंदूने विचारलं.

"रंगावरून. लॅब्रॅडॉरमध्ये केसांत काळा रंग उतरवणारं जनुक अंगात असेल, तर कुत्रा पिवळा दिसतच नाही. जे पिवळ्या आईबापांकडे नाही, ते पिल्लांना कुठून मिळणार? आजी काळी असली तरी काही फरक पडत नाही. काळ्या पिल्लांना काळा बापच लागतो."

"रस्त्यावरचा एखादा काळा असेल."

"काजळकडे बघ. नखशिखांत लॅब्रॅडॉर. शिवाय तोच दुर्मीळ दोष बापाकडेही हवा. तो मैनेच्या रक्तात आहे, म्हणून तिच्या काळ्या मुलात, भैरवमध्ये, असू शकतो. एकच सदोष जनुक असेल तर तो स्वतः ठणठणीत राहतो." जानकी केयूरकडे वळली. "कुत्रीला दिवस गेलेत हे कळायला तीन-चार आठवडे लागतात. तू आठवड्याच्या आतच जागेसाठी भैरवला नाशिकला पाठवलंस. जागेची अडचण नव्हती ना, केयूर?"



"बोरिवलीहून मैनेला आणलं त्याच संध्याकाळी आईला डबा द्यायला गेलो," केयूर म्हणाला. "खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. आईने बजावलं होतं, दोघांना वेगळं ठेव. ती बरी झाली की सांगणार होतो. मग रोज राहून गेलं."

"आणि माझं नाव खराब होताना बघत बसलास," सामंत म्हणाले.

"हो."

सुनंदाबाईंनी काठी घट्ट धरली. "माझ्या भैरवला यासाठी तोडलंस माझ्यापासून?"

श्रुतिका मात्र उठून उभी राहिली होती. "ते सगळं नंतर. दुसरं काळं पिल्लू कुठंय?"

"वर्सोव्याला. माझा मित्र नितेश..." केयूरचा चेहरा उतरला. "तो त्याला रोज समुद्रावर पळवतो."

"मग फोन लाव! उन्हात दमून पडला तर जीव जाईल त्याचा."

फोन उचलला गेला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अरे, सकाळीच मागचे पाय लटपटले त्याचे. वाटलं, ऊन लागलं. आता बरा आहे. चार वाजता परत नेतोय."

"नेऊ नकोस. पट्टा सोडूच नकोस. मी येतोय, सगळं सांगतो. चूक माझी आहे."

केयूरने चपला घातल्या, पण दारातच घुटमळला. सामंतांनी छत्री उचलली.

"चल, मी येतो. रिक्षात आधी मला सगळं सांग, काही न गाळता. म्हणजे त्याला सांगताना जीभ अडखळणार नाही."