गार समुद्राची किंमत

शीतोपसा यशस्वी झाला, तर डॉ. चांगुणा नाखवाला बापाची शाबासकी मिळणार होती. पोशा नाखवा स्तुतीच्या बाबतीत मुलखाचा चिकट. त्यामुळे हा लाभ एखाद्या जागतिक पारितोषिकाहून मोठा होता.

शाबासकी मिळालीही. खोलातलं थंड पाणी वर खेचणारे शीतोपसे अरबी समुद्रात सहा वर्षं चालले, वरचं तापलेलं पाणी गार झालं आणि परागंदा झालेला बांगडा कोळीवाड्यात परतला. "पोरगी कामाची निघाली," एवढं बोलून पोशा जाळं विणायला बसला.

मग उधाणाच्या भरतीत खाडीपलीकडे धाया पाटलाच्या भातशेताचा बांध फुटला. बांधाला खांड पडली की घरटी एकाने चिखल घेऊन धावायचं, ही तिथली रीत. चांगुणाही धावली. पण खांड बुजवून उपयोग नव्हता. पाणी बांधाच्या माथ्यावरूनच येत होतं.

नियंत्रण कक्षात तिने सहकारी डॉ. रेमंड घोन्साल्विसला गाठलं. "पाणी गार झालंय, म्हणजे आकसायला हवं. मग चढतंय कसं?"

"गार झालंय ते वरचं. तापलेला समुद्र वाफ सोडून बरीच उष्णता हवेला परत करतो. आपण त्याला कंजूष केलं. सूर्याकडून घेतो तेवढीच, परत देतो कमी. उरलेली खाली मुरते, खोल पाणी फुगतं आणि किनाऱ्यावर चढतं. आपण मोजत बसलो वरचा पापुद्रा."

"आपण नाही, मी. कोळ्याची पोर ना, मासा राहतो तेवढंच पाणी मोजलं. शीतोपसे बंद केले तर?"

"वर्षभरात वरचं पाणी तापेल, बांगडा जाईल. खाली मुरलेली उष्णता मात्र शतकं निघायची नाही. चढलंय ते चढलंय. पुढचं चढणं तेवढं मंदावेल."

तिने हे घरी सांगितलं, तेव्हा धायाही ओटीवर होता.

"बंद करून धायाचं शेत वर येणार?" पोशाने विचारलं.

"नाही."

"मग शेत गेलं म्हणून मासळीपण घालवायची? हे डॉक्टरकीत शिकवतात?"

"बाय, माझं बुडालं ते बुडालं," धाया म्हणाला. "तुमची मासळी खाऊन तरी जगू."

"चालू ठेवले तर उद्या ही ओटी जाईल, आणि पलीकडचे किनारेही."

"तेव्हा मी कुठे असणार?" पोशा म्हणाला.

"तेव्हा जे असतील, त्यांना कोण विचारतंय, बाबा?"

"कोळीवाड्यात तोंड दाखवता येणार नाही तुला."

"नाही दाखवणार."

सकाळी तिने शीतोपसे थांबवले.

वर्षात बांगडा गेला. पाणी बोटभरही उतरलं नाही. नफा झाला तो कुठल्याशा किनाऱ्यावर पन्नास वर्षांनी जन्मणाऱ्या माणसांचा. त्यांचे बांध टिकतील, आणि का टिकले हे त्यांना कळायचंही नाही. गार समुद्राची किंमत धायाने शेताने चुकवली होती, या नफ्याची पोशाने मासळीने. चांगुणाला नारळीपौर्णिमेचं बोलावणं पुन्हा आलं नाही.