घोरपडीचं डावं चाक

"गाडी गेली रे," ताई फोनवर म्हणाली. "काल संध्याकाळी होती. आज सकाळी जागेवर नाही."

ताईकडची गाडी भाऊजींनी दोन वर्षांपूर्वीच विकली होती. कोणती गाडी, असं विचारायला तिच्या भावानं, मामांनी, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ताईकडे आता एकच गाडी होती, आणि ती या जगात नव्हती.

"आलोच," ते म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. चेपलेला पत्रा बघून ड्रायव्हर खरं बोलतोय की थापा मारतोय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर आपलं हे कसब कुणाला लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि लागलं तेही अशा गाडीसाठी, जिला हातच लावता येत नाही.

ताईची मुलगी, मामांची भाची, जाऊन पाच महिने झाले होते. सव्वीस वर्षांची पोर. शेवटची दोन वर्षं आजारपणात, बहुतेक खोलीतच गेली. त्या खोलीतून ती रोज एका खेळात जायची. उजाड ग्रहावर उतरायचं, लोखंड खणायचं, घरं उभारायची, श्वासापुरती हवा साठवायची आणि जिवंत राहायचं. असे पंधरा-वीस जण वेगवेगळ्या गावांतून एकाच ग्रहावर एकत्र खेळत. घरं बांधण्यात भाचीला रस नव्हता. ती गाड्या बनवायची आणि मोडेपर्यंत तपासायची. लहानपणी घड्याळं उघडून बसायची म्हणून भाऊजी तिला 'खटपट' म्हणत. खेळातही तिनं तेच नाव घेतलं होतं.

तिची शेवटची गाडी म्हणजे घोरपड. सहा चाकांची, दोन सीटची, चढावर चिकटून जाणारी. भाची गेल्यापासून ताई रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, स्वतःच्या वेगळ्या नावानं खेळात जाऊन घोरपडीत अर्धा तास बसायची. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा चेहरा जरा सैल पडायचा. मामांनी हे पाहिलं होतं, म्हणून ते धावत आले.

"शेवटची कधी पाहिलीस?" त्यांनी विचारलं.

"काल सहाला. बसले, उतरले, लॅपटॉप मिटला."

"चालवली होतीस?"

"मला कुठे येते चालवता? मी आपली शेजारच्या सीटवर बसते. ती होती तेव्हाही तिथेच बसायचे."

"आणखी काय गेलंय?"

ताईनं जरा आठवून पाहिलं. "दिवा. गाडीपाशी तिनं खांबावर एक दिवा लावला होता. तोही नाही."

मामांनी वहीत लिहिलं: दिवा. गाडी चोरणारा माणूस दिव्याचा खांब कशाला उपटून नेईल, हे त्यांना कळेना.

भाऊजी खिडकीशी पेपर वाचत होते. निदान पेपर समोर धरून बसले होते. "इतकं काय त्याचं?" ते पेपरामागूनच म्हणाले. "डावीकडे ओढणारं डबडं ते. गेलं तर गेलं. हिला मोकळं होऊ दे जरा."

ताई उठून आत गेली. मामाही मागोमाग गेले. स्वयंपाकघरात ती हलक्या आवाजात म्हणाली, "ह्यांनी त्या खेळाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. ती बोलवायची, बाबा, पाच मिनिटं बघा ना. हे म्हणायचे, नंतर."

भाचीची खोली उघडायला ताई आली नाही. तिला आत जाववत नव्हतं. दर रविवारी ती वाचनालयात मदतीला जाते तेव्हा भाऊजी खोली झाडून-पुसून घेतात, एवढं तिनं सांगितलं.

आत पलंग, कपाट आणि खिडकीखाली कॉम्प्युटर. मामांनी कीबोर्डवरून बोट फिरवलं. बोटाला चांगलीच धूळ लागली. आठवड्याभराची नव्हे, त्याहून जास्त. काच उघडी ठेवून महिनाभर उभ्या असलेल्या गाड्यांवर अशी धूळ त्यांनी पुष्कळदा पाहिली होती.

शेजारी भाचीची चाचण्यांची वही होती. प्रत्येक चाचणीला आकडा, कशी केली ते, आणि शेवटी निकाल. मुलगी मामावर गेली होती, असं घरात सगळे म्हणत. वाचता वाचता त्यांना अक्षरं नीट दिसेनाशी झाली. त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटचं पान काढलं.

'चाचणी ४१. सपाटीवर वेग घेऊन हात सोडले. अजिबात ओढत नाही, रेषेत सरळ. पास.'

'चाचणी ४२. पस्तीस अंशांचा चढ, उत्तरेचा कडा. बाकी.'

पुढची पानं कोरी होती.

ताईचा संशय एकावर पक्का होता. खेळात त्याला सगळे 'भंगारवाला' म्हणत. बेवारस गाड्या तोडून लोखंड विकायचा, आणि घोरपडीच्या चाकांच्या जोडणीवर त्याचा कधीपासून डोळा होता. प्रत्यक्षात तो चष्म्याच्या दुकानात काम करतो असं कळलं. दुपारच्या सुट्टीत तो फोनवर आला. मामांनी त्याला आडवंतिडवं विचारून पाहिलं. चाकं हवी होती हे त्यानं लगेच कबूल केलं.

"मग तोडलीस?"

"साहेब, तोडली की तुकडे पडतात. मी कितीही सफाईनं काम केलं तरी चार पट्ट्या, दोन तारा मागे राहतातच. जाऊन बघा, तिथे काही आहे का?"

ताईनं लॅपटॉपवर ती जागा दाखवली. लाल माती आणि चाकांचे खोल गेलेले माग, बाकी काही नाही. एक खिळासुद्धा पडलेला नव्हता.

"आणि दुसरं," भंगारवाला म्हणाला, "तिनं मला ती जोडणी शिकवली होती. आजारी असताना, चार तास बसून. मी तिची गाडी तोडीन होय?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

राहिला खेळाचा सर्व्हर चालवणारा. तो शाळेत गणित शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळा सुटल्यावर त्याचा फोन आला.

"तुम्ही काढलीत का गाडी?" मामांनी सरळच विचारलं.

"नाही हो. पण अशी निशाणी न ठेवता गाडी फक्त झाडलोटीत जाते. मालक एकवीस दिवस खेळात आला नाही की सकाळी सहाला त्याच्या नावावरचं सगळं आपोआप पुसलं जातं. गाडी, दिवा, सगळं. मशीन भाड्याचं आहे, तो नियम मला बदलता येत नाही."

"मग ती चार महिन्यांपूर्वीच जायला हवी होती."

मास्तर आवाज खाली आणून म्हणाला, "तेच. ती गेल्यावर मी दिवस मोजत होतो. बाविसावा उजाडला, गाडी जागेवर. म्हटलं, मशीनमध्ये काहीतरी बिघाड झाला असेल, होऊ दे. भीतीपोटी मी तपासलंच नाही. मी बघायला गेलो असतो आणि बिघाड दुरुस्त होऊन गाडी पुसली गेली असती तर?"

"आता बघता?"

बटणं दाबल्याचे आवाज आले. मग मास्तरचा आवाज बदलला. "खटपट शेवटची आत आली होती... तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी. सकाळी सव्वानऊला. मामा, हे कसं शक्य आहे?"

मामांनी गाडी परत मिळेल का, एवढंच विचारलं. मिळेल, मास्तर म्हणाला, कालची प्रत आहे. पण ती उद्या सकाळी सहाला पुसली जाणार. आणि आज गाडी परत ठेवली तरी उद्याच्या झाडलोटीत ती पुन्हा जाईल. तिच्या नावानं आज कुणीतरी आत आलं तरच वाचेल. पासवर्ड त्याच्याकडे नव्हता, आणि ताईलाही ठाऊक नव्हता.

म्हणजे आता नुसतं कोडं सोडवून भागणार नव्हतं. तिच्या नावानं आत जाणारा माणूस आजच्या आज समोर यायला हवा होता.

मामा ताईजवळ जाऊन बसले. "त्या रविवारी तू वाचनालयात होतीस?"

तिनं साडीचा पदर उगाच सारखा केला. "बंद होतं. अर्ध्या वाटेतून परत आले."

"मग?"

"लॅपटॉप उघडला. म्हटलं, जरा बसावं तिच्या गाडीत. आणि कोपऱ्यात तिचं नाव उजळलं. 'खटपट आली आहे.' मी लिहिलं, बाळा, आलीस का? तर नाव विझलं." तिनं भावाचा हात धरला. "मला भ्रम झाला असं म्हणशील, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पण आली होती रे ती. त्यावर तर मी हे तीन आठवडे काढले."

मामांना वाटलं, आता उठावं आणि घरी निघून जावं. एका गाडीपायी बहिणीचा हा आधार काढून घ्यायचा का? पण उद्या सहानंतर गाडीही राहणार नव्हती, आणि ही बाई दर संध्याकाळी मोकळ्या मातीकडे बघत बसली असती. त्यांनी भाऊजींना हाक मारली.

भाऊजी आले आणि उभेच राहिले.

"आपण सकाळपासून चुकीचं विचारतोय," मामा म्हणाले. "गाडी कुणी नेली, असं. ती कुणीच नेली नाही, ती मुदत संपून गेली. विचारायला हवं होतं ते वेगळंच. पाच महिने ती कुणी टिकवली, आणि मग का सोडून दिली?"

"मला त्यातलं काही कळत नाही," भाऊजी म्हणाले.

"कळतं, भाऊजी. सकाळी तुम्ही म्हणालात, गाडी डावीकडे ओढते. वहीत लिहिलंय, हात सोडले तरी सरळ जाते. तिच्या हातून कधीच ओढली नाही. म्हणजे डावं चाक दुखावलं ते ती गेल्यानंतर. ताई गाडी चालवत नाही. पासवर्डशिवाय बाहेरचं कुणी तिच्या नावानं येऊ शकत नाही. गाडी ओढते हे फक्त तिचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला कळणार."

भाऊजींची नजर मुलीच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"दर रविवारी ताई बाहेर पडली की तुम्ही तिच्या खोलीत जायचात. झाडायला, असं ताईला वाटायचं. तीन आठवड्यांपूर्वी ताई लवकर परतली आणि तुम्हाला पत्ता नव्हता. तिनं बाहेरच्या खोलीतून लिहिलेलं तुमच्यासमोर उमटलं. त्या दिवसानंतर तुम्ही खोलीत पाऊल टाकलेलं नाही. कीबोर्डवर तेवढीच धूळ आहे. एकवीस दिवस झाले आणि गाडी पुसली गेली."

ताई नवऱ्याकडे बघत राहिली. त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि ती त्यांना पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी बघत होती.

भाऊजी खाली बसले. "पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावर होता," ते म्हणाले. "एक चाचणी राहिली होती तिची. म्हटलं, तेवढी तरी करून टाकू. मला काही जमेना. दर खेपेला कड्यावरून घसरायचो. एकदा दगडावर आपटली आणि चाक वाकलं. नीट कसं करतात तेही येईना. ती पाच मिनिटं बघा म्हणायची, तेव्हा बघितलं असतं तर आलं असतं."

"आणि मी लिहिलं तेव्हा?" ताईनं विचारलं.

"काय उत्तर देणार होतो गं? 'नाही' असं लिहायचं होतं का तिच्या नावानं?" त्यांचा आवाज फुटला. "बटण बंद केलं आणि तिथेच बसून राहिलो. तू बाहेर रडत होतीस. पुन्हा माझ्यामुळे तिचं नाव दिसलं असतं तर? म्हणून सोडून दिलं. गाडी जाईल हे माहीत नव्हतं मला."

ताई मग भावाला म्हणाली, "तू बरोबर शोधलंस. पण हे तीन आठवडे माझ्यासाठी माझी लेक एकदा येऊन गेली होती रे."

मामांनी हातातली वही मिटली. आयुष्यात त्यांनी शेकडो अहवाल लिहिले होते, पण एकाही अहवालाची त्यांना अशी लाज वाटली नव्हती.

पाच वाजता मास्तरनं गाडी परत जागेवर ठेवली, दिव्यासकट. भाऊजी खोलीत गेले. ताई टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसली, मामा तिच्या मागे उभे राहिले.

"मी येतोय गं," भाऊजींनी आतून ओरडून सांगितलं. "घाबरू नकोस. मीच आहे."

कोपऱ्यात नाव उजळलं: खटपट आली आहे. ताईनं पडद्यावरच्या त्या नावावर बोट टेकवलं.

"आता आत आलोच आहे तर गाडी तुझ्या नावावर करून देतो," भाऊजी म्हणाले. "मास्तर सांगतोय, मालकाला करता येतं ते. मग परत कुणाला तिच्या नावानं यायला नको. तुलाही त्रास नाही."

"राहू दे तिच्याच नावावर," ताई म्हणाली.

"अगं, मग मला दर रविवारी यावं लागेल."

"या."

ती शेजारच्या सीटवर बसली. घोरपड हळूच निघाली आणि डावीकडे ओढत, पुन्हा सरळ होत उत्तरेकडे चालू लागली. ताईनं कोपऱ्यातल्या त्या नावावरून नजर काढली नाही.

"अहो," थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

"काय?"

"पुढच्या वेळी येताना आधी सांगू नका."